पाच दिवसांचा सेनापती

ज्येष्ठता डावलली जाणे म्हणजे काय, हे सरकारी नोकरीत उमेदीची वर्षे घालविलेल्या वाचकांस आम्ही निराळे सांगावयास नको. वरची जागा अकस्मात रिकामी होते, कारभार अडू नये म्हणून खालच्या माणसाकडे हंगामी सूत्रे येतात, तो रात्रीचा दिवस करून काम निभावतो; आणि मग एके दिवशी वरून कागद येतो की, कायम नेमणूक दुसऱ्याची झाली आहे, सूत्रे त्याच्या हवाली करावीत. कारणे कधी दिली जातात, कधी दिलीही जात नाहीत. दुसऱ्या दिवशी तो मनुष्य कोणत्या मुद्रेने आपल्या जुन्या टेबलाशी येऊन बसतो, यावरून त्याची जी पारख होते ती कोणत्याही खातेनिहाय परीक्षेने होत नाही.

हाच प्रसंग जुलै १८६४ मध्ये अमेरिकेतील अटलांटा शहराच्या वेशीवर, तोफांच्या धुरात, एका माणसावर आला. त्याचे नाव जॉन अलेक्झांडर लोगन. पेशाने वकील, वृत्तीने राजकारणी आणि युद्धामुळे सेनानी झालेला हा गृहस्थ आपल्याकडे फारसा कोणास ठाऊक नाही. अमेरिकेच्या यादवी युद्धाचे नाव निघाले की आपल्यास लिंकन आठवतो, फार तर ग्रँट आणि ली आठवतात. परंतु सहा लाखांहून अधिक माणसांचा बळी घेणारे ते युद्ध १८६१ पासून १८६५ पर्यंत चालले, ते केवळ दोन-चार थोरांच्या बळावर नव्हे. लोगनसारखी, पुष्कळ दोषांनी भरलेली आणि वेळ येताच त्या दोषांवर मात करणारी माणसे त्यात होती. त्यांपैकी या एकाचे चरित्र आम्हांस विशेष मननीय वाटते.

लोगनचा जन्म ९ फेब्रुवारी १८२६ रोजी इलिनॉय राज्याच्या दक्षिण टोकास, आजच्या मर्फिजबरो गावाजवळ झाला. बाप आयर्लंडहून आलेला वैद्य. तोही राज्याच्या विधिमंडळात बसलेला आणि तेथे तरुण लिंकनचा स्नेही झालेला. या मुलखाची जातकुळी ध्यानात घेतल्याशिवाय लोगन कळावयाचा नाही. इलिनॉय हे उत्तरेतले, गुलामगिरी नसलेले राज्य. पण त्याचा दक्षिण भाग केंटकी, टेनेसी अशा गुलामगिरीच्या राज्यांतून आलेल्या शेतकऱ्यांनी वसविलेला. तेथे गावांची नावे कैरो, थीब्ज अशी. म्हणून त्या प्रदेशास लोक ‘ईजिप्त’ म्हणत. नकाशावर तो उत्तरेत होता आणि नात्यागोत्याने दक्षिणेत. घरात गुलाम नसे, पण गुलामाविषयीचा तिरस्कार मात्र घरोघर असे.

तरुण लोगन मेक्सिकोबरोबरच्या युद्धात लेफ्टनंट म्हणून जाऊन आला, काकाच्या हाताखाली कायदा शिकला, आणि १८५१ मध्ये केंटकीतील लुइव्हिल येथून कायद्याची पदवी घेऊन परतला. काळेभोर केस, सावळा वर्ण, घणाघाती आवाज आणि जमावाची नाडी अचूक ओळखण्याची हातोटी एवढे भांडवल ‘ईजिप्त’मध्ये पुरेसे होते. लवकरच तो राज्याच्या विधिमंडळात निवडून गेला, आणि तेथे १८५३ साली त्याने जे पहिले मोठे काम केले ते त्याच्या चरित्रातील सर्वांत काळे पान होय. बाहेरच्या कोणाही कृष्णवर्णीयाने, मग तो स्वतंत्र का असेना, इलिनॉयमध्ये येऊन वसती करू नये, असा कायदा त्याने पुढाकार घेऊन संमत करविला. दहा दिवसांहून अधिक राहणाऱ्यास पन्नास डॉलर दंड. आणि ज्याच्याजवळ दंड भरावयास पैसे नसतील त्याच्या श्रमाचा जाहीर लिलाव. गुलामगिरी नसलेल्या राज्यात माणसाचा लिलाव कायदेशीर करून दाखविण्याची ही वकिली करामत होती. लोगन त्यावेळी सत्तावीस वर्षांचा होता आणि त्याच्या मतदारांनी त्यास डोक्यावर घेतले.

पुढे १८५९ मध्ये तो डेमोक्रॅटिक पक्षाच्या वतीने वॉशिंग्टनला प्रतिनिधिगृहात गेला. पळून आलेल्या गुलामांस पकडून मालकाच्या स्वाधीन करण्याचा कायदा त्यावेळी अमलात होता आणि उत्तरेतील पुष्कळ लोक ते काम गलिच्छ समजत. लोगनने भर सभागृहात सांगितले की, तुम्ही त्यास गलिच्छ म्हणत असाल तर म्हणा, आम्ही ते करावयास तयार आहो. त्या दिवसापासून विरोधकांनी त्यास ‘गलिच्छ कामाचा लोगन’ अशी पदवी दिली, ती त्याच्या पाठीस बरीच वर्षे चिकटली. येथवरचे चरित्र वाचून ग्रंथ मिटला तर हा मनुष्य पुढे कोणत्या बाजूस जाईल याविषयी कोणासही शंका राहणार नाही.

लिंकन १८६० मध्ये राष्ट्राध्यक्षपदी निवडून आला, दक्षिणेची राज्ये एकेक करून संघराज्यातून बाहेर पडू लागली, आणि एप्रिल १८६१ मध्ये तोफा सुटल्या. ‘ईजिप्त’चे पुढारी काय करणार याकडे सर्वांचे डोळे लागले. लोगनचा पक्षनेता स्टीफन डग्लस याने जुने वैर विसरून लिंकनला पाठिंबा दिला. त्याच्या या पवित्र्याने लोगन प्रथम रुष्टच झाला. खुद्द त्याचा मेहुणा दक्षिणेच्या सैन्यात जाऊन मिळाला. गावात कुजबुज अशी की लोगनही आज ना उद्या जाणार. आणि लोगन गप्प! एरवी ज्याचे तोंड क्षणभर मिटत नसे तो वक्ता आठवड्यांमागून आठवडे काही बोलेना.

या मौनाचा अर्थ कित्येकांनी द्रोह असा लावला. आम्हांस तसे वाटत नाही. ज्या लोकांनी आपल्यास वाढविले, ज्यांच्या मतांवर आपण उभे आहो, त्यांच्या विरुद्ध जावयाचे की देशाच्या विरुद्ध, असा तो पेच होता. बोलून टाकणे सोपे होते. कोणत्याही बाजूने बोलले असते तरी टाळ्या पडल्या असत्या. त्या मौनाची अखेर जून १८६१ मध्ये स्प्रिंगफील्ड येथील छावणीत झाली. तेथे एका पलटणीवर युलिसिस ग्रँट नावाचा कर्नल नुकताच नेमला गेला होता. त्याच्या शिपायांना तीन वर्षांच्या करारावर राहण्यास राजी करावयाचे होते. लोगन त्यांच्यापुढे बोलावयास उभा राहणार असे कळताच ग्रँट चिंतेत पडला. कारण या माणसाचा भरवसा काय, हे त्यास ठाऊक नव्हते. पण लोगन बोलला तो संघराज्याच्या बाजूने, आणि असा बोलला की जवळजवळ सारी पलटण सैन्यात राहिली. ग्रँटने पुढे आपल्या आत्मचरित्रात हा प्रसंग कृतज्ञतेने नमूद केला आहे.

मनाचा निश्चय झाल्यावर मात्र लोगनने अर्धेमुर्धे काही ठेवले नाही. काँग्रेसचे अधिवेशन चालू असता तो जुलै महिन्यात बुल रनच्या रणभूमीवर गेला आणि प्रतिनिधीचा पोशाख अंगावर असतानाच हातात बंदूक घेऊन मिशिगनच्या शिपायांबरोबर लढला. तेथून परत येऊन ऑगस्टमध्ये तो आपल्या मॅरियन गावी आला. गावचे लोक चिडलेले, दक्षिणेकडे झुकलेले. अशा लोकांपुढे उभे राहून त्याने सांगितले की आपण सैन्यात जात आहो, ज्यास यावयाचे असेल त्याने यावे. सप्टेंबरात इलिनॉयची एकतिसावी पलटण उभी राहिली आणि लोगन तिचा कर्नल झाला.

येथे थोडे थांबून एका गोष्टीचा खुलासा केला पाहिजे. त्या युद्धात वकील आणि राजकारणी लोकांना सैन्यात मोठ्या हुद्द्यांवर नेमण्याची जी पद्धत लिंकनने पाडली तिची पुष्कळ थट्टा झाली आहे, आणि ती काही अंशी रास्तही आहे. लिंकनचा जिवलग मित्र, वकील आणि सिनेटर एडवर्ड बेकर ऑक्टोबर १८६१ मध्ये बॉल्स ब्लफ येथे भलत्याच धाडसाने आपल्या तुकडीसह नदीपार गेला आणि तेथेच मारला गेला. इलिनॉयचाच वकील-प्रतिनिधी मॅक्लर्नंड याने आपल्या कोअरच्या गौरवाचे आज्ञापत्र वरिष्ठांस न दाखविता वृत्तपत्रांतून प्रसिद्ध होऊ दिले आणि जून १८६३ मध्ये ग्रँटने त्यास घरी पाठविले. परंतु लिंकनचा हिशेब निराळा होता. वेस्ट पॉइंटच्या लष्करी विद्यालयातून निघालेला अधिकारी लढाई जिंकून देईल. पण ‘ईजिप्त’च्या शेतकऱ्याला नांगर सोडून लिंकनच्या युद्धावर जाण्यास तो कसा राजी करणार? ते काम लोगनचेच होते. जो प्रदेश कदाचित बंडात सामील झाला असता तो सैनिक पुरवू लागला, एवढ्यानेच त्याच्या नेमणुकीची किंमत वसूल झाली.

तथापि लोगनने केवळ भरती करून दिली नाही. बेल्माँट येथे नोव्हेंबर १८६१ मध्ये त्याचा घोडा त्याच्याखाली ठार झाला. फेब्रुवारी १८६२ मध्ये फोर्ट डोनेल्सनच्या बर्फात त्याच्या पलटणीने काडतुसे संपेपर्यंत जागा सोडली नाही आणि तो स्वतः खांद्यास व मांडीस गोळ्या लागून पडला. पत्नी मेरी नदीमार्गे प्रवास करीत जखमी पतीच्या बिछान्यापर्यंत पोहोचली. बरा झाल्यावर तो ब्रिगेडियर जनरल झाला आणि एप्रिलमध्ये त्याने काँग्रेसच्या जागेचा राजीनामा दिला. व्हिक्सबर्गच्या मोहिमेत, मे १८६३ मध्ये, रेमंड आणि चँपियन हिल या दोन्ही लढायांत त्याची डिव्हिजन आघाडीस होती. ४ जुलै रोजी व्हिक्सबर्ग शरण आले तेव्हा शहरात प्रथम प्रवेश करण्याचा मान त्याच्या सैनिकांस मिळाला आणि शहराचा लष्करी कारभार काही काळ त्याच्याकडे देण्यात आला. शिपाई त्यास प्रेमाने ‘ब्लॅक जॅक’ म्हणत.

याच वर्षात त्याच्यात दुसरा बदल घडून आला, आणि आमच्या मते तो पहिल्याहून कठीण होता. लोगन युद्धात उतरला तो संघराज्य टिकावे म्हणून. गुलामांची मुक्तता हा त्याचा हेतू नव्हता. १ जानेवारी १८६३ रोजी लिंकनचा मुक्तीचा जाहीरनामा अमलात आला तेव्हा दक्षिण इलिनॉयमध्ये संतापाची लाट उसळली. आम्ही काळ्यांसाठी लढावयास आलो नाही, असे म्हणत शिपाई पळू लागले. त्या भागातील १०९ वी पलटण निष्ठेविषयी शंका आल्यामुळे मोडावी लागली. लोगनच्या स्वतःच्या सैनिकांतही धुसफूस होती. त्याने फेब्रुवारीत आपल्या सैनिकांना उद्देशून पत्रक काढले आणि माघार घेण्याचा सल्ला देणाऱ्यांचा कडक शब्दांत समाचार घेतला. एप्रिलमध्ये कृष्णवर्णीयांच्या पलटणी उभारण्याचे सरकारी धोरण छावण्यांतून समजावून सांगण्यात येत होते. त्यावेळी त्या धोरणाची बाजू आपल्या माणसांपुढे मांडावयास लोगन उभा राहिला. जुलैअखेर तो रजेवर ‘ईजिप्त’ला आला आणि दहा वर्षांपूर्वी ज्यांनी त्या काळ्या कायद्यासाठी टाळ्या वाजविल्या होत्या त्यांच्यापुढेच त्याने सरकारचे समर्थन केले.

दक्षिणेत त्याने गुलामगिरी प्रत्यक्ष पाहिली होती. कायद्याच्या कलमात ‘कृष्णवर्णीय इसम’ असा शब्द लिहिणे वेगळे आणि पाठीवर चाबकाचे वळ असलेला मनुष्य छावणीच्या दाराशी येऊन उभा राहिलेला पाहणे वेगळे. लोगनचे मत ग्रंथ वाचून बदलले नाही. ते चालत्या सैन्याबरोबर, मैलामैलाने बदलत गेले.

आता अटलांटाकडे वळू. १८६४ च्या उन्हाळ्यात शर्मनच्या हाताखाली तीन सेना त्या शहरावर चालून गेल्या. त्यांपैकी टेनेसी नदीच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या सेनेचा सेनापती जेम्स मॅक्फर्सन होता आणि तिच्यातील पंधराव्या कोअरचा अधिपती लोगन. २२ जुलै रोजी दुपारी दक्षिणेच्या हूडने या सेनेच्या बगलेवर अकस्मात हल्ला चढविला. मॅक्फर्सन पाहणी करीत घोड्यावरून जात असता शत्रूच्या टप्प्यात सापडला आणि ठार झाला. सेना गोंधळात पडण्याची ती वेळ. ज्येष्ठतेने सूत्रे लोगनकडे आली. घोड्यावर, टोपी हातात घेऊन, काळे केस वाऱ्यावर उडत असता तो मॅक्फर्सनच्या नावाने शिपायांस हाकारीत रांगेच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरला. संध्याकाळी शत्रूने फळी फोडून तोफा काबीज केल्या, तेव्हा त्याने प्रतिहल्ला करून त्या परत घेतल्या. उत्तरेची सुमारे ३,७०० माणसे पडली, दक्षिणेची पाच हजारांहून अधिक. पण जागा हातची गेली नाही. अटलांटाच्या मोहिमेतील सर्वांत भीषण लढाई अडतीस वर्षांच्या एका वकिलाने जिंकली होती.

सेनेस वाटले की आता हाच आपला सेनापती. पाच दिवस तो होताही. मग हुकूम आला: २७ जुलैपासून सेनापती ऑलिव्हर हॉवर्ड.

हॉवर्ड सज्जन आणि धर्मनिष्ठ होता. १८६२ मध्ये त्याने लढाईत उजवा हात गमावला होता. पण तो तेहतीस वर्षांचा, दुसऱ्या सेनेतून आलेला, आणि त्याच्या बाजूचा मुख्य मुद्दा असा की तो वेस्ट पॉइंटचा पदवीधर होता. शर्मनला लोगनचे शौर्य मान्य होते. परंतु तीन कोअरांची सेना हाताळण्याची तयारी त्याच्याजवळ आहे असे त्यास वाटेना. रसद, नकाशे, दूरचे डावपेच यांत धंदेवाईक सैनिकच हवा अशी त्याची धारणा होती. शिवाय शेजारच्या सेनेचा सेनापती जॉर्ज टॉमस याचे लोगनशी जमत नव्हते, आणि टॉमसने आपली हरकत स्पष्ट कळविली. शर्मनने ही बाब वॉशिंग्टनला लिहून मंजूर करून घेतली आणि लोगनला एक सांत्वनाचे पत्र पाठविले. न्यायाने पाहिले तर शर्मनचा निर्णय सर्वस्वी चूक होता असे म्हणवत नाही. हॉवर्डने पुढे सेना उत्तम चालविली. अन्याय होता तो एवढाच की, जे काम करून दाखविले ते जमेस धरले गेले नाही आणि जे प्रमाणपत्र नव्हते ते मात्र धरले गेले.

याच नेमणुकीने आणखी एक सेनानी दुखावला. जोसेफ हूकर हाही कोअरचा अधिपती, वेस्ट पॉइंटचा, एके काळी मोठ्या सेनेचा सेनापती राहिलेला आणि हॉवर्डला ज्येष्ठ. त्याने तत्काळ आपल्या पदाचा त्याग केला आणि तो मोहीम अर्धवट टाकून निघून गेला. लोगनजवळ जाण्यास हूकरइतकीच कारणे होती, आणि जाऊन बसण्यास हूकरहून चांगली जागा होती. इलिनॉयमध्ये निवडणुका तोंडावर आलेल्या आणि लोक त्यास खांद्यावर घेण्यास सज्ज. तो आपल्या पंधराव्या कोअरकडे परत गेला. दुसऱ्याच दिवशी, २८ जुलैला, एझ्रा चर्च येथे शत्रूने पुन्हा हल्ला केला आणि लढाईचा सारा भार त्याच कोअरवर आला. लोगनने ती जागा अशी राखली की शत्रूची सुमारे तीन हजार माणसे पडली आणि त्याची सातशेच्या आत. विजय नव्या सेनापतीच्या नावे जमा झाला. हॉवर्डने अहवालात लोगनची मोकळ्या मनाने स्तुती केली.

त्याचे मन कडवटलेले नव्हते असे मात्र कोणी समजू नये. ते चांगलेच कडवटले होते, आणि पुढे आयुष्यभर तसे राहिले. फक्त ती कटुता त्याने लढाईच्या दिवशी कामात उतरू दिली नाही.

अटलांटा पडल्यावर लोगन रजा घेऊन इलिनॉयमध्ये गेला आणि जन्माचा डेमोक्रॅट असूनही लिंकनच्या फेरनिवडणुकीसाठी त्याने गावोगाव सभा घेतल्या. त्यानंतर डिसेंबरमध्ये नियतीने त्याच्यापुढे एक विलक्षण कागद ठेवला. नॅशव्हिल येथे टॉमस हल्ला करावयास विलंब लावीत होता. हा तोच टॉमस, ज्याच्या हरकतीमुळे लोगनचे सेनापतिपद गेले होते. सरसेनापती ग्रँटचा धीर सुटला. त्याने लोगनला हुकूम दिला की, नॅशव्हिलला जा आणि टॉमसकडून सूत्रे घे; मात्र तू पोहोचेपर्यंत टॉमस पुढे सरकला असेल तर हा हुकूम बजावू नकोस. खिशात हा कागद घेऊन लोगन निघाला. १५ व १६ डिसेंबरला टॉमसने हल्ला केला आणि हूडच्या सैन्याची धूळधाण उडविली. ही वार्ता लोगनला लुइव्हिलमध्ये मिळाली, म्हणजे ज्या शहरात तो कायदा शिकला त्याच शहरात. तो तेथूनच थांबला. टॉमसच्या यशाने सर्वत्र आनंद व विश्वास आहे, आपण आपल्या जुन्या कोअरकडे परत जावे हेच उत्तम, अशा आशयाची तार त्याने १७ डिसेंबरला ग्रँटला केली.

प्रतिस्पर्ध्याच्या जागी बसण्याचा लेखी हुकूम खिशात असणे, आणि तो न बजावता परत करणे, याहून मोठी कसोटी सरकारी चाकरीत आम्हांस तरी सुचत नाही. काहीजण म्हणतील की टॉमस जिंकल्यावर त्यास दुसरा मार्गच नव्हता. हुकमाचा शब्द पाहता ते खरे आहे. परंतु हुकमाच्या शब्दातून वाट काढणे हाच ज्याचा धंदा, अशा वकिलाबद्दल आपण बोलत आहो. नॅशव्हिलपर्यंत जाऊन, विजयी सेनेच्या दाराशी उभे राहून, मी आलो आहे एवढे जरी त्याने कळविले असते तरी टॉमसचा पाणउतारा झाला असता. लोगनने तेवढेही केले नाही.

युद्ध संपत आले असता, एप्रिल १८६५ मध्ये, लिंकनच्या खुनाची बातमी नॉर्थ कॅरोलिनातील रॅली शहराजवळच्या छावणीत पोहोचली. पेटून उठलेले शिपाई शहर जाळावयास निघाले. त्यांच्या वाटेत लोगन आडवा उभा राहिला. मागे न फिराल तर तोफा डागीन, असे आपल्याच माणसांना त्याने बजावले, आणि ते शहर वाचले. मे महिन्यात वॉशिंग्टनमध्ये विजयी सेनांचे भव्य संचलन झाले. हॉवर्डची तोपर्यंत मुक्त झालेल्या गुलामांच्या पुनर्वसनाच्या खात्यावर नेमणूक झाली होती. शर्मनने त्यास विनंती केली की, सेनेच्या अग्रभागी जाण्याचा मान लोगनला द्यावा. हॉवर्डने तो दिला. २४ मे रोजी टेनेसीची सेना राजधानीच्या रस्त्यावरून गेली ती लोगनच्या मागून. दहा महिने उशिरा आलेली ही पदोन्नती होती. पण ती आली.

पुढील लोगन पुन्हा राजकारणी झाला, आणि त्या क्षेत्रात तो काही संत नव्हता. रिपब्लिकन पक्षात जाऊन तो प्रतिनिधिगृहात व नंतर १८७१ पासून सिनेटमध्ये बसला. जागा वाटणे, गट बांधणे, जुन्या युद्धाच्या जखमा उकरून मते मिळविणे, हे सर्व त्याने केले. १८८४ मध्ये उपराष्ट्राध्यक्षपदासाठी उभा राहून तो पडला. वेस्ट पॉइंटवरील राग त्याने शेवटपर्यंत सोडला नाही. स्वयंसेवक सैनिकाची थोरवी सांगणारा त्याचा जाडजूड ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर १८८७ मध्ये प्रसिद्ध झाला. परंतु कृष्णवर्णीयांच्या नागरिकत्वाच्या आणि मताधिकाराच्या बाजूने तो जो एकदा उभा राहिला तो तेथून हलला नाही. १८५३ चा त्याचा कायदा फेब्रुवारी १८६५ मध्ये रद्द झाला, आणि त्याचे श्रेय जॉन जोन्स या शिकागोच्या कृष्णवर्णीय शिंप्यासारख्या, वर्षानुवर्षे त्याविरुद्ध झगडलेल्या माणसांकडे जाते, लोगनकडे नाही.

त्याच्या नावावर सर्वांत दीर्घायुषी ठरलेली कृती मात्र एक परिपत्रक आहे. माजी सैनिकांच्या संघटनेचा प्रमुख या नात्याने ५ मे १८६८ रोजी त्याने अकरा क्रमांकाचा हुकूम काढला की, ३० मे रोजी युद्धात पडलेल्या सैनिकांच्या थडग्यांवर फुले वाहावीत. विधीचा कोणताही नमुना त्यात ठरवून दिलेला नव्हता. ज्या त्या ठिकाणच्या लोकांनी आपापल्या परीने करावे, एवढेच. कल्पना सर्वस्वी त्याची नव्हती. दक्षिणेत आप्तांच्या थडग्यांवर वाहिलेली फुले मेरीने पाहिली आणि पतीस सांगितली, अशी नोंद तिने केली आहे. त्यापूर्वी मे १८६५ मध्येच चार्ल्स्टन येथे नुकत्याच मुक्त झालेल्या कृष्णवर्णीयांनी उत्तरेच्या मृत सैनिकांना अशीच मानवंदना दिली होती. पण देशभर एक दिवस ठरला तो या हुकमाने. आज अमेरिकेत मे महिन्याच्या शेवटच्या सोमवारी तो दिवस पाळला जातो. परिपत्रके काढणाऱ्या व फायलीस लावणाऱ्या आम्हां मंडळींस एवढे आयुष्य लाभलेले दुसरे परिपत्रक दाखविता येणे कठीण आहे.

लोगन २६ डिसेंबर १८८६ रोजी वॉशिंग्टन येथे वारला. त्याचा देह संसदभवनाच्या घुमटाखाली दर्शनासाठी ठेवण्यात आला, आणि १९०१ मध्ये राजधानीच्या एका चौकात त्याचा अश्वारूढ पुतळा उभारण्यात आला.

या चरित्राचा आपल्या महाराष्ट्राशी एक धागा जुळतो. महात्मा जोतीराव फुले यांनी आपला ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ १८७३ मध्ये प्रसिद्ध केला तेव्हा गुलामांना दास्यातून मुक्त करण्यासाठी त्याग केलेल्या अमेरिकेतील सज्जनांस तो अर्पण केला. पुण्यात बसून जोतीराव ज्यांना मनोभावे वंदन करीत होते त्यांत जन्मभर गुलामगिरीविरुद्ध लढलेले लोक होतेच. पण त्या लोकांची संख्या थोडी होती, आणि त्यांच्या एकट्याच्या बळावर ते युद्ध जिंकले जाते ना. ते जिंकले गेले ते लोगनसारखी माणसे उशिरा का होईना, आपल्या गावाचा, गोताचा आणि आपल्याच जुन्या भाषणांचा विरोध पत्करून त्या बाजूस आली म्हणून. अर्पणपत्रिकेतल्या सज्जनांत एकेकाळी लिलावाचा कायदा करणारा मनुष्यही बसू शकतो, हे मान्य करावयास जड जाते. परंतु समाज बदलतो तो बहुधा अशाच माणसांच्या बदलण्याने.

म्हणून लोगनच्या फायलीतील एकही कागद काढून टाकू नये असे आम्हांस वाटते. १८५३ चा कायदा तीत राहावा, १८५९ चे भाषण राहावे. त्यांच्यावर जून १८६१ चे, जुलै १८६४ चे आणि लुइव्हिलच्या तारेचेही पान राहावे. नव्या टिपणाने जुने टिपण खोडले जात नाही, हा कचेरीचा नियम चरित्रासही लागू आहे. मात्र वाचणाऱ्याने फाईल पहिल्या पानावर मिटू नये, शेवटपर्यंत वाचावी.